वकीलसाहेबांचे जामीन

निंबळवाडी, नजीक मुरगूड, इलाखा करवीर
ता. २६ सप्टेंबर १९२०

ती. स्व. तात्यासो दाजी यांसी श्रीपालचा जयजिनेंद्र.

आपल्या तीन पत्रांना उत्तर गेले नाही, त्याबद्दल क्षमा असावी. कामाच्या गर्दीत राहून गेले असे लिहायला बसलो होतो. पण अक्का ते वाचून हसली असती. तिला माझ्या सबबी लहानपणापासून ओळखता येतात. खरे कारण असे की, उत्तर काय द्यावे हेच ठरत नव्हते.

आपण लिहिता की बेळगावचे गणपतराव वकील दिल्लीच्या नव्या कायदेमंडळासाठी उभे राहत आहेत आणि आमच्या सहकारी पतपेढीने सभा भरवून त्यांना पाठिंब्याचा ठराव करून द्यावा. गणपतरावांना मी एकदा कोल्हापुरात बोर्डिंगच्या समारंभात ऐकले आहे. माणूस सरळ वाटला. पण दाजी, आमची पेढी म्हणजे काय हे आपल्याला ठाऊक आहे. अठ्ठेचाळीस सभासद, आणि जबाबदारी अमर्याद. एकाचे कर्ज बुडाले तर बाकीच्या सत्तेचाळिसांनी आपल्या जमिनीनिशी ते भरायचे. म्हणून तर लोक एकमेकांकडे डोळ्यांत तेल घालून बघतात, आणि म्हणूनच सात वर्षांत एकही कर्ज बुडालेले नाही. अशा पेढीचे नाव मी निवडणुकीत कसे घालू?

शिवाय या अठ्ठेचाळिसांत मत फक्त मला आहे. बाकी सगळे कोल्हापूर संस्थानची प्रजा. माझ्या नावावर आईकडून आलेली निपाणीकडची जमीन आहे, तिचा शेतसारा इंग्रज सरकारला जातो, म्हणून मी मतदारयादीत. ज्यांना मत नाही त्यांचा पाठिंबा घेऊन वकीलसाहेब काय करणार?

तेव्हा ठराव होणार नाही. राग नसावा. अक्काला नमस्कार.

आपला
श्रीपाल


निपाणी, ता. ३० सप्टेंबर

चि. श्रीपालपावणं यांस आशीर्वाद.

पत्र पावलं. तुमी पान भरून 'न्हाय' लिवलंसा, ते एका ओळीत भागलं असतं. तुमची अक्का म्हणाली, माझा भाऊ न्हाय म्हणायची बी आधी परवानगी मागतो. मी तुमच्यागत कालिजात गेलो न्हाय, बोलतो तसंच लिवतो.

ठराव का मागितला ते सांगतो. तुमच्या पेढीचं नाव हिकडं चिक्कोडीपातुर चालतं. हितल्या गावातनं तसल्या पेढ्या निघाल्यात त्या तुमचं बघूनच. त्यांच्या पंचांत मतवाले हायत. तुमी नुसतं बोट दाखवलंसा तरी दोन-तीनशे मतं हलतील. काँग्रेसवाल्यांनी बहिष्कार धरलाय, समोर एकटा इनामदार हाय. असली येळ परत येत न्हाय.

पण असू द्या. ठराव ऱ्हायला. उमेदवाराच्या अर्जावर दोघांच्या सह्या लागतात, एक सूचक आणि एक अनुमोदक. दोघंबी यादीतले पायजेत. अनुमोदक हितले बाळगोंडा व्यापारी हायत. सूचक तुमी व्हा. ह्यात पेढी कुठं येत न्हाय, तुमी तुमच्या जिमिनीवर मतदार हायसा. दोन कागद धाडतोय, एक खराब झाला तर दुसरा असावा म्हणून. दोन्हींवर सही करून लगोलग धाडा.

तात्यासो


निंबळवाडी, ता. ४ ऑक्टोबर

ती. स्व. दाजी यांसी श्रीपालचा जयजिनेंद्र.

दोन दिवस विचार केला. चांगला माणूस उभा राहतो आणि मला ठाऊक असून मी गप्प बसतो, हेही बरे नव्हे. दोन्ही कागद सही करून याच टपालाने पाठवीत आहे. एवढेच ध्यानात असू द्यावे की ही सही माझी एकट्याची आहे, पेढीची नव्हे.

श्रीपाल


निंबळवाडी, ता. १७ ऑक्टोबर

ती. स्व. दाजी यांस,

आपण मला फसवले, असे लिहिताना हात जड होतो, तरी लिहितो.

काल मुरगूडच्या बाजारात आपले छापील पत्रक ज्याला त्याला वाटले गेले. वर गणपतरावांचे नाव मोठ्या टायपात. खाली दोन नावे. पहिले: 'श्रीपाल आप्पा मगदूम, चिटणीस, निंबळवाडी सहकारी पतपेढी.' मी आपल्याला स्वच्छ लिहिले होते. पेढीचे नाव कोणी घातले?

आमच्या गावात छापील कागद एकच येतो, तो पेढीच्या कर्जरोख्याचा. त्यावर वर घेणाऱ्याचे नाव असते आणि खाली दोन जामीनदार. मग हे पत्रक बघून लोकांनी काय समजावे? झुंबरबाई नावाची विधवा आमची पहिल्या दिवसापासूनची सभासद आहे, तीन एकरांची मालकीण. ती मिरच्यांची पाटी बाजारात तशीच टाकून माझ्या दारात आली.

"आण्णा, ह्यो वकील कोण?"

"बेळगावचे आहेत."

"सभासद कवा झाला?"

"सभासद नाहीत ते."

"मग पेढी जामीन कशी ऱ्हायली त्येला? आता ह्यो दिल्लीला जाऊन बुडाला तर माझी तीन एकरं जाणार व्हय?"

मी तिला सूचक म्हणजे काय ते सांगितले. नाव सुचवायचे, एवढेच. उमेदवार पडला तरी सुचवणाऱ्याला काही भरावे लागत नाही. तिने नीट ऐकून घेतले आणि म्हणाली, "काय बी भरायचं न्हाय, तर मग सही कशापायी केलासा?"

दाजी, हा प्रश्न मी रोजनिशीत जसाच्या तसा उतरवून ठेवला आहे.

आज दुपारपर्यंत एकतीस जणांनी सभासदत्व सोडण्याचे अर्ज आणून दिले. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी अंगठे उठवले. आणखी दहा-बारा गेले की पेढी मोडल्यात जमा आहे. माझी सात वर्षे गेली, याचे फार नाही. पण पुढच्या पेरणीला हे लोक पुन्हा सावकाराच्या ओट्यावर बसलेले मला बघवणार नाहीत.

श्रीपाल


निपाणी, ता. २० ऑक्टोबर

श्रीपालपावणं,

तुमचं पत्र मी अक्काला वाचू दिलं न्हाय. तिच्या भावानं मला लबाड म्हटलेलं तिनं कशाला वाचावं.

वजन वाढवायला मी दुकानातल्या तंबाखूवर पाणी मारत असंन. दुसऱ्याच्या सहीत मारत न्हाय. छापखानेवाल्यानं अर्जावर हुतं ते उतरवून घेतलं, एक अक्षर कमी न्हाय, एक ज्यादा न्हाय. पयला कागद कलेक्टर कचेरीत गेला. दुसरा माज्यापाशी पडून हुता, तो ह्याच्यात घातलाय. बघा, आणि मग काय बोलायचं ते बोला.

तात्यासो


निंबळवाडी, ता. २४ ऑक्टोबर

ती. स्व. दाजी यांसी श्रीपालचा साष्टांग नमस्कार.

कागद पाहिला. अक्षर माझेच आहे. सहीखाली हुद्दा आणि पेढीचे नाव मीच घातले आहे, आणि दोन्ही कागदांवर घातले असणार. आपल्याला बोललो त्याची क्षमा मागतो. हे पत्र अक्काला अवश्य वाचायला द्यावे.

सात वर्षे रोज पाच-दहा सह्या करतो आणि प्रत्येकीखाली तीच ओळ लिहितो. हात सवयीने गेला, असे म्हणता येईल. रोजनिशीत पहिल्यांदा तसेच लिहिले. मग ते खोडले. सवय असेलही. पण दिल्लीच्या कागदावर नुसते 'श्रीपाल मगदूम' लिहायला मला उघडे-उघडे वाटले असेल काय? पेढीवाचून मला कोण ओळखतो? हेही कारण असू शकते, आणि ते मला तपासून नक्की सांगता येत नाही. हे अधिक वाईट.

दसरा होताच काल कोल्हापूरला गेलो. सहकारी खात्याच्या साहेबांना सगळे सांगून चिटणीसपदाचा राजीनामा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी नियमांचे पुस्तक दोनदा चाळले. म्हणाले, "मगदूम, याला मनाई नाही. नियम करणाऱ्यांना हे सुचलेच नसावे." राजीनामा परत माझ्या हातात दिला आणि लोकांची समजूत तुम्हीच काढा म्हणाले.

समजूत काही निघत नाही. आमचे अमीन मुल्लाणी पंचांचे अध्यक्ष आहेत, ते काल रात्री म्हणाले, "आण्णा, तुमी समजावणं बंद करा. तुमी जितकं समजावतासा तितकी लोकं जास्त भितात. कायतरी दडवतोय म्हणतात. त्या वकिलाला हिकडं आणा. घोंगड्यावर बसवा. चौकशी करू."

आमची रीत आपल्याला ठाऊक नसेल. कर्ज मागणाऱ्याने सगळ्या सभासदांसमोर मधोमध घोंगड्यावर एकट्याने बसायचे. पंचांनी तीन प्रश्न विचारायचे: कशाला पाहिजे, कधी फेडणार, आणि नाही फेडले तर काय. सभासदांपैकी कोणालाही मध्ये तोंड घालता येते. पाटील असो की कुणी असो, घोंगडे सुटत नाही.

रविवारी, ३१ तारखेला सभा ठेवली आहे. त्या दिवशी अर्जांचा निकाल लागेल. आपण गणपतरावांना घेऊन येऊ शकाल काय? मागतो आहे ते फार आहे हे मला कळते.

श्रीपाल


निपाणी, ता. २७ ऑक्टोबर

चि. श्रीपाल यांस आशीर्वाद.

तुमचं पत्र अक्कानं वाचलं. डोळं पुसलं आणि मग हसली बी.

आता माझं ऐका. मतदानाला दिस ऱ्हायलं थोडं. निंबळवाडीत मतं किती? एक, आणि ते बी आमचंच. त्यापायी वकीलसाहेबांचा आख्खा दिवस घालवायचा आणि वर घोंगड्यावर बसवायचं. मी सरळ न्हाय म्हणणार हुतो. पण तुमी माफी मागून अडचणीत टाकलंसा, म्हणून साहेबांच्या कानावर घातलं. म्हटलं हसतील आणि सोडून देतील. तर हसले न्हाईत. म्हणाले, माझ्या नावापायी ज्यांची झोप गेली त्यांच्याकडं आधी जाऊ, मतवाल्यांकडं मग.

येतोय रविवारी. वेदगंगा नदीतनं गाडी पार जाईल असा उतार हाय का ते तेवढं कळवा.

तात्यासो


निपाणी, ता. २ नोव्हेंबर

चि. श्रीपाल यास अक्काचा आशीर्वाद.

तुझे दाजी रविवारी रात्री घरी आले ते जेवून गप झोपले. काल दिवसभर बी गप. विचारलं तर म्हणतात, तुझ्या माहेरच्या लोकांनी मला बांधून घातलं. जास्त काही सांगत नाहीत. वकीलसाहेब मात्र जाताना दारात उभे राहून मला हात जोडून गेले आणि हसत होते. मला काही कळेना. काय झालं ते सगळं लिही. आणि हुद्दा लिहायचा असला तर लिही, मी जामीन मागणार नाही.

तुझी अक्का
सीताबाई


निंबळवाडी, ता. ४ नोव्हेंबर

ती. स्व. अक्कास श्रीपालचा साष्टांग नमस्कार.

तुझ्या पत्राने मी पंधरा दिवसांत पहिल्यांदा मोठ्याने हसलो. आता सगळे सांगतो.

सभा शाळेच्या पडवीत झाली. अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस आले होते. घोंगडे मधोमध अंथरलेले. गणपतराव आले, त्यांनी बूट काढले आणि कोणी सांगायच्या आत जाऊन त्यावर बसले. कोट-पगडी घातलेला माणूस मांडी घालून तिथे बसला, तेव्हाच पडवीतली कुजबूज थोडी ओसरली. दाजींसाठी शाळेतून खुर्ची आणली होती.

अमीनभाईंनी नेहमीच्या आवाजात विचारले, "कशापायी पायजे?"

"काय?" गणपतराव म्हणाले.

"दिल्लीचं ते."

गणपतरावांनी घसा साफ करून सुरुवात केली, की आज हिंदुस्थानच्या इतिहासात वगैरे. झुंबरबाई मागून म्हणाली, "पावणं, भाषण नगं. आमी बियाणाला मागायला आल्यावर भाषण करत न्हाय."

लोक हसले. गणपतरावही हसले आणि थांबले. मग साध्या आवाजात म्हणाले, "शेतसाऱ्याबद्दल बोलायला जायचंय."

"बोलून सारा कमी हुतो व्हय?" झुंबरबाईने विचारले.

मी मान खाली घातली. आता काही मोठे वचन देतील असे वाटले. पण त्यांनी सरळ सांगितले, "बहुतेक नाही होणार. पण तिथं सरकारला प्रश्न विचारता येतो. आणि सरकारला उत्तर द्यावं लागतं, ते छापलं जातं."

"छापत्यात?" अमीनभाई पुढे सरकले. "मंजी खोटं बोललं तर कागुद ऱ्हातो?"

"राहतो."

अमीनभाईंनी सगळीकडे बघून मान हलवली. "बरं. फेडणार कवा?"

"तीन वर्षांनी पुन्हा निवडणूक आहे."

"तीन वर्सांची मुदत," अमीनभाई म्हणाले, आणि मी वहीत लिहून घेतले. काय लिहितो आहे हे माझे मलाच धड कळत नव्हते. "आणि पडलासा तर?"

"पडलो तर माझं मी बघेन. मगदुमांच्या सहीपायी तुमच्यापैकी कुणाच्या ढेकळालाही हात लागणार नाही."

"त्वांडानं नगं. लिवून द्या," झुंबरबाई म्हणाली.

वकिलाकडून लिहून मागायचे म्हणजे बघ. पण त्यांनी माझ्याकडून कोरा कागद घेतला आणि मांडीवर ठेवून लिहिले की, निवडणुकीत काही झाले तरी निंबळवाडी पेढीचा व तिच्या सभासदांचा कसलाही बोजा नाही. काही निघाल्यास तो मी सोसेन. मोठ्याने वाचून दाखवले. खाली सही केली. नुसते नाव, हुद्दा नाही. ते मी पाहिले.

कागद पडवीभर फिरला. ज्यांना वाचता येत नाही त्यांनीही उलटसुलट करून पाहिला. शेवटी अमीनभाईंकडे परत आला. ते म्हणाले, "झ्याक हाय. आता ह्येला जामीन कोण?"

सगळी पडवी दाजींकडे बघू लागली.

दाजी म्हणाले, "मी? माझा काय संबंध?"

"आनलंसा कुणी?" झुंबरबाई म्हणाली. "बुडाला तर बेळगावला आमी हुडकत जायाचं व्हय? तुमचं दुकान निपाणीत हाय, आमास्नी ठाव हाय."

दाजींनी माझ्याकडे पाहिले. मी वहीत पाहिले. खोटे कशाला लिहू, मला त्या वेळी फार बरे वाटले. दाजी खुर्चीवरून उठले, घोंगड्यावर वकीलसाहेबांच्या शेजारी बसले आणि सही केली. त्यांनी पाणी मागून घेतले. अमीनभाई म्हणाले, "घाबरू नगा पावणं. सात वर्सांत एका बी जामीनदारावर पाळी आली न्हाय."

त्यानंतर अर्जांचा गठ्ठा काढला. एकतिसांपैकी एकोणतीस जणांनी आपापला अर्ज जागीच परत घेतला. उरलेल्या दोघांनी बायकोला विचारून सांगतो म्हटले आणि काल सकाळी येऊन तेही घेऊन गेले. पेढी होती तशी आहे, अक्का.

वकीलसाहेब गाडीत बसताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "मगदूम, हा कागद कुठल्याच कोर्टात उभा राहणार नाही." मी म्हटले, मला ठाऊक आहे, आणि तेच मला खाते आहे. ते म्हणाले, "खाऊ देऊ नका. कोर्टात उभा राहत नाही म्हणून मी तो पाळणार नाही असं नव्हे."

लोकांना अजून वाटते की पेढीने वकिलाला काही तरी दिले आहे आणि आता ते नीट बांधले गेले. मी त्यांची चूक दुरुस्त केली नाही. करायला हवी होती का? पण त्यांनी जे विचारले ते सगळे बरोबर होते. मी सही करण्याआधी त्यातले एकही विचारले नव्हते.

दाजींना जप.

तुझा
श्रीपाल


निपाणी, ता. २५ नोव्हेंबर

चि. श्रीपाल यांस आशीर्वाद.

वकीलसाहेब पडले. इनामदार एकशे बारा मतांनी वर गेला. साहेब म्हणाले, पुढल्या खेपेला बघू, आणि बेळगावला कोर्टात गेले बी. माझंच मन लागत न्हाय.

आता खरं सांगा. तुमची ती झुंबरबाई परवा हितल्या बाजारात दिसली. माझ्या दुकानाकडं बघत उभी हुती. तुमचे लोक त्या कागदापायी येणार न्हाईत न्हवं? मला ठाव हाय, त्यात भरायचं काय बी न्हाय. तरी पण सही माझी हाय. गेले दोन दिस गिऱ्हाइकाच्या आधी मी दारात कोण आलं ते बघतोय. तुमची अक्का हसून हसून बेजार हाय.

लगेच उत्तर धाडा.

तात्यासो


निंबळवाडी, ता. २८ नोव्हेंबर

ती. स्व. दाजी यांसी श्रीपालचा जयजिनेंद्र.

आपण निश्चिंत असावे. निकाल आपल्या पत्राआधीच मुरगूडात कळला, त्या दिवशी सगळे चावडीवर जमले होते. मी म्हटले, गणपतराव पडले. मग चार दिवस सगळ्यांनी वाट पाहिली. कारकून येतो का, नोटीस येते का, कुणाच्या बांधावर कोणी उभे राहते का. कोणी आले नाही. काल पंच बसले आणि आपण व वकीलसाहेबांनी दिलेला कागद सर्वांसमोर काढून त्यावर 'पुरा झाला' असा शेरा मारला. आपली जामीनकी संपली. कागद या पत्रासोबत परत पाठवीत आहे.

झुंबरबाई आपल्या दुकानाकडे बघत होती ती निपाणीत मिरचीला काय भाव मिळतो ते आपल्याला विचारावे म्हणून. मी विचारले तिला. आपल्याविषयी म्हणाली, "ह्यो माणूस भरणारा हुता. त्वांड बघून कळतं."

हे मी तिच्या तोंडचे जसेच्या तसे लिहिले आहे. माझ्याविषयी ती असे अजून म्हणालेली नाही.

आपला
श्रीपाल मगदूम


रोजनिशी, २८ नोव्हेंबर, रविवार

वरील पत्र उतरवून घेतले.

गणपतराव पडल्याचे कळले तेव्हा मला आधी वाईट वाटले की आधी हायसे वाटले, हे प्रामाणिकपणे आठवून पाहिले. आधी हायसे वाटले. ते दिल्लीला गेले असते तर तीन वर्षे गाव माझ्याकडे बघत राहिले असते. ज्याचे नाव मी सुचवले तो पडल्याने मला सुटल्यासारखे व्हावे, हे शोभत नाही. पण झाले तसे लिहितो. वाईट नंतर वाटले, आणि ते अजून आहे. वकीलसाहेबांना वेगळे पत्र आज लिहून टाकले. त्यात हे सगळे कबूल केले.

संध्याकाळी आमचा सभासद जोतीराम आला होता. ऑक्टोबरपासून पेढीत कर्जाचा एकही अर्ज आला नव्हता. विहीर आणखी दोन पुरुष उंचीएवढी खोल करायची म्हणतो. सही करता येत नाही, अंगठा उठवला, आणि जाताना विचारले, "आण्णा, घोंगड्यावर कवा बसायचं?" रविवारी, म्हटले.

उद्या: दोर घेऊन जाऊन जोतीरामची विहीर मोजणे.